विद्येचे दप्तरदार



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले होते; आणि त्यांची जी एक सवय आम्हां विद्यार्थ्यांना त्या काळी काहीशी जाचक वाटत असे, तीच माझ्या आजच्या विषयाचे मूळ होय. आमच्यापैकी कोणी मोठ्या उत्साहाने एखाद्या नव्या शोधाची वार्ता त्यांच्या कानी घातली, की ते चष्मा कपाळावर सरकवून 'कोठे छापले आहे?' एवढेच विचारीत. वार्ता खरी की खोटी, शोध थोर की किरकोळ, हे सर्व पुढचे; आधी दाखला. आम्हांला वाटे, छापण्यात असे काय आहे? लग्नपत्रिकाही छापतात आणि तमाशाच्या जाहिरातीही छापतात. छापणे आणि प्रकाशित करणे यांत जे अंतर आहे ते ध्यानात यावयास मला स्वतःला एक ठेच लागावी लागली.

मी एका जिल्ह्याच्या गावी नुकताच व्याख्याता झालो होतो आणि माझा पहिला निबंध एका परदेशी नियतकालिकाकडे धाडला होता. हवाई टपालाचा खर्च आवाक्यात राहावा म्हणून कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ कागदावर टंकलिखित केलेली अकरा पाने, आणि त्यांतील समीकरणे टंकयंत्राला येत नसल्यामुळे हाताने शाईने भरलेली. पाच महिन्यांनी उत्तर आले. संपादकाच्या चार ओळींच्या सौजन्यपूर्ण पत्रासोबत दोन पृष्ठांचे एक टिपण होते आणि टिपणाखाली सही नव्हती. चौथ्या समीकरणातून पाचव्यात जाताना एक ऋणचिन्ह गळाले असून त्यामुळे लेखकाचा अखेरचा निष्कर्ष टिकत नाही, असे त्यात म्हटले होते. आठ दिवस मी त्या अनामिक गृहस्थावर चरफडलो. नवव्या दिवशी चिन्ह घालून गणित पुन्हा केले आणि निमूटपणे निबंध सुधारला. पुढे त्याची प्रूफे आली तेव्हा समासात हिरव्या शाईने, अत्यंत सुवाच्य अक्षरांत, एक पृच्छा होती: सातव्या समीकरणातील अक्षर ग्रीक न्यू समजावे की रोमन व्ही, कारण हस्तलिखितात दोन्ही सारखीच दिसतात. न्यू म्हणजे कंपनसंख्या आणि व्ही म्हणजे वेग! ज्याने ती पृच्छा केली तो भौतिकशास्त्र शिकलेला असेल असे मला वाटत नाही. पण दोन अक्षरांत अर्थाचे अंतर असू शकते आणि ते लेखकास विचारल्यावाचून ठरवावयाचे नसते, एवढे त्याच्या धंद्याने त्याला शिकविले होते. त्या दिवसापासून प्रकाशनसंस्था हा शब्द उच्चारला की माझ्या डोळ्यांपुढे इमारत किंवा तिची पाटी उभी राहत नाही. ते सहीविना टिपण आणि ती हिरवी शाई उभी राहते.

पेशवाईतील कागदपत्रे ज्यांनी हाताळली असतील त्यांना 'रुजू' हा शेरा आणि पत्राच्या अखेरीस उठविलेले मोर्तब ही दोन्ही परिचयाची असतील. रुजू म्हणजे कोणीतरी जबाबदार माणसाने कागद ताडून पाहिला; आणि मोर्तब म्हणजे मजकूर येथे संपला, यापुढे कोणी ओळ घुसडू नये. पत्र लिहिणारा निराळा, ते रुजू करणारा निराळा, आणि दप्तरात बांधून ठेवणारा निराळा. जमीन कसणारा शेतकरी असतो, दप्तरदार ती कसत नाही. तरी तंट्याच्या दिवशी त्याच्या रुमालातला कागद निघतो तेव्हा शेत कोणाचे ते ठरते. शास्त्रीय संशोधनाच्या राज्यात प्रकाशकाचे मूळचे पद हे दप्तरदाराचे होय, असे मला आज मांडावयाचे आहे; आणि त्या दप्तरदारीचा मधल्या काळात इजारा कसा झाला, हेही सांगावयाचे आहे.

दप्तर नव्हते तेव्हा काय होत असे ते पाहा. १६१० साली गॅलिलिओने शनीकडे दुर्बीण लावली आणि त्याला तो ग्रह तिहेरी दिसला. हे उघड सांगावे तर दुसरा कोणी श्रेय घेऊन जाईल आणि न सांगावे तर आपण पहिले होतो हे सिद्ध होणार नाही. म्हणून त्याने ते वाक्य लॅटिनमध्ये लिहून त्यातील अक्षरे वाटेल तशी उलटीपालटी केली आणि तो अक्षरांचा ढीग मित्रांस पाठवून दिला. केप्लरसारख्या महापंडिताने तो ढीग सोडविण्याचा यत्न केला आणि त्यातून मंगळाला दोन चंद्र असल्याचे भलतेच वाक्य निघाले! मंगळाला खरोखरच दोन चंद्र निघावेत हा पुढच्या काळातील योगायोग. पण ज्या विद्येत श्रेय राखण्यासाठी ज्ञान लपवावे लागते, ती विद्या एकेकट्या माणसाची राहते, समाजाची होत नाही.

ही अडचण ज्याने दूर केली तो मनुष्य शास्त्रज्ञ नव्हता. हेन्री ओल्डेनबर्ग हा ब्रेमेनचा जर्मन, लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस. युरोपभरच्या पंडितांशी पत्रव्यवहार ठेवणे हे त्याचे काम. मार्च १६६५ मध्ये त्याने 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' सुरू केले. त्याच वर्षीच्या जानेवारीत पॅरिसला 'जुर्नाल दे सावां' निघाले होते, पण त्याचा भर नव्या ग्रंथांच्या परिचयावर होता. ओल्डेनबर्गचा पहिला अंक सोळा पृष्ठांचा होता; त्यात गुरूच्या पट्ट्यावर हूक या शास्त्रज्ञाला दिसलेला ठिपका होता आणि एका विद्रूप वासराची हकीकतही होती, म्हणजे आजच्या कोणत्याही संपादकाच्या टेबलावर पडणारा मेळ त्यातही होताच. सोसायटीच्या मंडळाने ठराव केला तो असा की छापण्यापूर्वी मजकूर सभासदांपैकी काहींनी नजरेखालून घालावा. तारीख, तपासणी, प्रसार आणि जतन ही चारही कामे त्या सोळा पृष्ठांत बीजरूपाने होती. आज साडेतीनशे वर्षांनंतर त्यांत पाचवे काम कोणी घातलेले नाही.

या उद्योगातून ओल्डेनबर्गला मिळाले काय? वर्षाला दीडशे पौंड सुटतील अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात चाळीसच्या वर गेले नाहीत. शिवाय परदेशांशी इतकी पत्रे कशाला, या संशयावरून सरकारने १६६७ साली त्याला टॉवरच्या बंदिखान्यात डांबले ते निराळेच. त्यानंतर वीस वर्षांनी न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' छापण्याची वेळ आली, तेव्हा सोसायटीची तिजोरी रिकामी होती, कारण विलबीच्या मत्स्यविषयक सचित्र ग्रंथावर तिने पैसा घातला होता आणि तो ग्रंथ खपत नव्हता. 'प्रिन्सिपिया'चा खर्च हॅलेने पदरचा केला. आणि सोसायटीने त्याच हॅलेचा थकलेला पगार त्या न खपलेल्या मत्स्यग्रंथाच्या पन्नास प्रती देऊन भागविला! ज्याच्या नावाचा धूमकेतू आपण ओळखतो, त्याच्या घरी पगाराच्या दिवशी माशांची पुस्तके आली. लंडनच्या मॅकमिलन कंपनीने १८६९ मध्ये काढलेले 'नेचर' तीसेक वर्षे तोट्यात चालले. हे सांगण्याचे कारण असे की, आज प्रकाशकांच्या नफ्याविषयी आपण जो राग व्यक्त करतो तो रास्त असला, तरी या धंद्याच्या चरित्रातील बराच मोठा भाग उधारीचा आणि पदरमोडीचा आहे.

दप्तर आपल्या हाती असणे म्हणजे काय, याचे माझ्या माहितीतील उत्तम उदाहरण १९२८ सालच्या कलकत्त्यातील आहे. २८ फेब्रुवारीला रामन आणि त्यांचे सहकारी कृष्णन यांच्या प्रयोगशाळेत विखुरलेल्या प्रकाशात नव्या रेषा दिसल्या. विलायतेच्या 'नेचर'कडे पत्रे रवाना झालीच. परंतु रामन तेवढ्यावर थांबले नाहीत. १६ मार्चला त्यांनी बंगळुरास या शोधावर व्याख्यान दिले आणि तेच व्याख्यान ३१ मार्च या तारखेने 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये छापून निघाले. अवघे पंधरा दिवस! शिशाचे खिळे हाताने जुळवावयाच्या, वर्णपटाचे ठसे करावयाच्या त्या जमान्यात हे शक्य झाले, कारण ते नियतकालिक रामनांनीच दोन वर्षांपूर्वी उभे केले होते. निबंधाच्या सुट्या प्रती त्यांनी जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांस टपालाने रवाना केल्या. तिकडे मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम या दोघांना स्फटिकांत हाच परिणाम २१ फेब्रुवारीस, म्हणजे कलकत्त्याच्या आठवडाभर आधी, दिसला होता. त्यांचा निबंध जर्मनीच्या 'नाटुरविसेनशाफ्टन'मध्ये निघाला तो जुलैत. नोबेल पारितोषिक १९३० साली एकट्या रामनांना मिळाले. या निवाड्याविषयी रशियन लोकांच्या मनात जी खंत राहिली ती मी समजू शकतो. आणि रामनांच्या प्रयोगाचे मोल केवळ घाईत होते असेही कोणी समजू नये. पण जेथे डोळ्यांनी पाहण्यात मॉस्को पुढे होते, तेथे कागद रुजू होण्यात कलकत्ता पुढे गेले, आणि तंटा कागदावर मिटला. जाता जाता हेही ध्यानी घ्यावे की रामनांच्या घाईची वाट अडवणारा कोणी प्रकाशक नव्हता, कारण प्रकाशक तेच होते.

मात्र स्वतःच स्वतःचा दप्तरदार होण्यात धोकाही असतो. तपासणी हे काम परक्याचेच असावयास पाहिजे, आणि मोठ्या माणसाच्या बाबतीत तर ते अधिकच. १९३६ साली आइन्स्टाइनने रोझेन या तरुण सहकाऱ्यासह गुरुत्वीय तरंगांविषयी एक निबंध अमेरिकेच्या 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठविला. असे तरंग नसतातच, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादक टेट यांनी तो रिवाजाप्रमाणे एका परीक्षकाकडे धाडला आणि परीक्षकाने दहा पृष्ठांचे टिपण लिहून चूक दाखविली. आइन्स्टाइनला हे सर्वस्वी नवीन होते. आपण निबंध छापावयास दिला होता, कोणा तज्ज्ञास दाखवावयास नव्हे, अशा आशयाचे तिखट उत्तर लिहून त्याने निबंध परत घेतला. पुढे घडले ते असे की, रॉबर्टसन नावाच्या प्रिन्स्टनच्याच प्राध्यापकाच्या बोलण्यातून ती चूक आइन्स्टाइनच्या मंडळींच्या ध्यानी आली; १९३७ मध्ये 'जर्नल ऑफ द फ्रँकलिन इन्स्टिट्यूट'मध्ये निबंध निघाला तो निष्कर्ष बदलून. आणि तो अनामिक परीक्षक हा रॉबर्टसनच होता, हे संशोधकांनी संपादकाच्या जुन्या नोंदी उघडल्या तेव्हा, २००५ साली, जगाला कळले. सत्तर वर्षे दप्तराने आपले गुपित राखले आणि मागितल्यावर कागदही दिला! तेच तरंग २०१५ च्या सप्टेंबरात पकडले गेले, आणि ती वार्ता त्याच 'फिजिकल रिव्ह्यू'च्या घराण्यातील नियतकालिकातून आली. ज्या जातीच्या वेधशाळांनी ते पकडले, त्याच जातीची तिसरी वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हावयाची आहे.

तपासणी चुकली तर काय होते, याचे उदाहरण मला नाइलाजाने आपल्या घरातलेच द्यावे लागते. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात वाढलेले अलौकिक बुद्धीचे पुरुष. १९३१ साली, तरुणपणी, त्यांनी आंद्रे वेल या फ्रेंच मित्राच्या चिथावणीने एक गंमत केली: बूर्बाकी नावाच्या, कधीही जन्मास न आलेल्या, रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा विस्तार म्हणून एक टिपण लिहिले आणि ते अलाहाबादच्या एका विद्वन्मंडळाच्या पत्रिकेत सरळ छापून आले. हा रशियन कोण, असे विचारणारी हिरवी शाई तेथे नव्हती. पुढे फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका मंडळाने हेच टोपणनाव घेऊन विसाव्या शतकाचे गणित हलविले, तेव्हा थट्टेचे सोने झाले. परंतु १९५९ ची कथा थट्टेची नाही. रीमानच्या सुप्रसिद्ध कूटप्रश्नाला भिडणारा एक निबंध कोसंबींनी शेतकीविषयक संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. त्या नियतकालिकाचा दर्जा कमी होता असे माझे म्हणणे नाही. पिकांचे नमुने आणि खतांचे प्रयोग यांची परीक्षा करणारे त्याचे लोक आपल्या कामात वाकबगार होते, पण अविभाज्य संख्यांचा तो गुंता तपासण्याचे ते ठिकाण नव्हते. युक्तिवादात छिद्र होते. ज्या माणसाने जनुकांच्या अंतराचे सूत्र दिले, ते आजही ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्याच्या गणिती प्रतिष्ठेला या एका निबंधाने जो धक्का बसला तो अखेरपर्यंत भरून निघाला नाही. मला नेहमी वाटते की, कोणी एखाद्या कठोर परीक्षकाने तो निबंध दोन पृष्ठांच्या सहीविना टिपणासह परत पाठविला असता, तर कोसंबी आठ दिवस संतापले असते आणि नवव्या दिवशी ते छिद्र बुजविण्यास बसले असते.

या दप्तराचा इजारा कसा झाला ते आता सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारांनी विज्ञानावर पैसा ओतला, विद्यापीठे वाढली, आणि जुन्या विद्वत्सभांच्या नियतकालिकांत त्या पुराला वाट मिळेना. ही संधी ज्याने सर्वांआधी हेरली तो रॉबर्ट मॅक्सवेल. १९५१ साली त्याने परगॅमन प्रेस उभारली, आणि पॉल रॉसबॉड या खऱ्याखुऱ्या जाणकाराच्या साह्याने प्रत्येक नव्या उपशाखेसाठी नवे नियतकालिक काढण्याचा सपाटा लावला. या धंद्याची गंमत अशी आहे की यात दोन माल एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसतात. तांदूळ महाग झाला तर गिऱ्हाईक जोंधळ्यावर येते. पण ज्या प्राध्यापकाला अमुक एका निबंधाची गरज आहे त्याला दुसऱ्या नियतकालिकातला दुसरा निबंध चालत नाही. शिवाय माल मागणारा प्राध्यापक आणि पैसे मोजणारा ग्रंथपाल हे निराळे. निबंध लिहिणाऱ्याला मोबदला नाही, तपासणाऱ्याला नाही, पगार सरकारचा. आणि तयार निबंध त्याच सरकारच्या ग्रंथालयाला विकावयाचा. लेखकाने हक्कसोडपत्रावर सही केली की स्वतःच्या निबंधाची प्रत वाटण्यासही त्याला परवानगी लागे. गावची विहीर लोकांनी खणली, आणि राहाटाची जकात भलत्यानेच बसविली, असा हा प्रकार. मॅक्सवेलने १९९१ साली परगॅमन एल्सेव्हिअरला ४४ कोटी पौंडांना विकली. एल्सेव्हिअर हे नाव ऐकून कोणाला वाटेल की, १६३८ साली नजरकैदेतील गॅलिलिओचा ग्रंथ लायडेनला ज्या घराण्याने छापला त्याचेच हे वंशज, तसे नाही. ही कंपनी १८८० ची. तिने ते मानाचे आडनाव दत्तकविधान न करताच घेतले.

२०१० साली या एका कंपनीच्या विज्ञानविभागाला सुमारे दोन अब्ज पौंडांच्या उलाढालीवर ७२ कोटी ४० लक्ष पौंड नफा झाला, म्हणजे शेकडा छत्तीस. २०१२ च्या एप्रिलमध्ये हार्वर्ड विद्यापीठाने आपल्या अध्यापकांस कळविले की मोठ्या प्रकाशकांची वर्गणी साडेसदतीस लक्ष डॉलरांच्या घरात गेली असून ती झेपत नाही. हार्वर्डने असे म्हणावे! त्याच वर्षी केंब्रिजचे गणितज्ञ गॉवर्स यांनी एल्सेव्हिअरवर बहिष्काराची हाक दिली आणि हजारो संशोधकांनी तीवर सह्या केल्या. या रागाशी मी सहमत आहे. सहमत नाही ते पुढच्या निष्कर्षाशी, की म्हणून दप्तरच नको.

दप्तरावाचून भागते, असे म्हणणारे पेरेलमान या गणितज्ञाचे नाव घेतात. त्याने २००२ आणि २००३ मध्ये प्वँकारेच्या कूटप्रश्नाचे उत्तर लॉस अलामॉसच्या गिन्स्पार्ग यांनी १९९१ साली सुरू केलेल्या 'आर्काइव्ह' या मुक्त संग्रहात ठेवले आणि ते कोणत्याही नियतकालिकाकडे कधी पाठविले नाही. उदाहरण बिनतोड आहे, पण ते पुरते पाहावे. त्या थोडक्या पृष्ठांचा शब्द न् शब्द उलगडून पाहण्यासाठी गणितज्ञांच्या तीन जोड्या वर्षानुवर्षे खपल्या आणि त्यांनी शेकडो पृष्ठे लिहिली. तपासणी टळली नाही. फक्त ती प्रकाशकाने न करविता जगाने केली, कारण प्रश्न तेवढ्या तोलामोलाचा होता. जिल्ह्याच्या गावच्या नवशिक्या व्याख्यात्याच्या गळालेल्या ऋणचिन्हासाठी जग थांबत नाही. त्याच्यासाठी कोणीतरी नेमूनच द्यावा लागतो.

दुसरा उपाय निघाला तो वाचकाकडून न घेता लेखकाकडून पैसे घेण्याचा. हेतू उदात्त होता. परंतु मुनसफाचा पगार पक्षकाराने द्यावयाचा ठरला की निकालाचे काय होते, हे सांगावयास नको. २०१३ साली 'सायन्स' या साप्ताहिकाच्या वतीने बोहॅनन नावाच्या वार्ताहराने जाणूनबुजून सदोष रचलेला एक निबंध अशा ३०४ नियतकालिकांकडे पाठविला. १५७ जणांनी तो स्वीकारला. त्यांतील पुष्कळांचे पत्ते आपल्या देशातले होते. प्राध्यापकाच्या बढतीसाठी निबंधांची गुणमोजणी सुरू झाली तशी मागणी वाढली आणि मागणी तेथे दुकाने आली. मला स्वतःला, निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली असता, 'परमपूज्य प्राध्यापक' असे संबोधून, ज्या विषयाचे मला ओ की ठो कळत नाही त्या विषयावर सात दिवसांत निबंध छापून देण्याची आमंत्रणे येतात. परीक्षकाची अडचण नाही, असेही आश्वासन असते. प्रतिष्ठित घरेही यातून सुटली नाहीत. वायली या जुन्या कंपनीने २०२१ साली जवळपास तीस कोटी डॉलर मोजून हिंदावी ही संस्था घेतली, आणि २०२३ या एका वर्षात वायलीला हिंदावीचे आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. उलट खरोखर तपासून छापणाऱ्यांचा दर पाहावा, तर 'नेचर'ने २०२० साली निबंध मुक्त ठेवण्यासाठी लेखकाकडून साडेनऊ हजार युरो मागण्याचे जाहीर केले! पूर्वी गरीब वाचक दाराबाहेर उभा असे. आता गरीब लेखक उभा राहिला आहे.

आमच्या सरकारने या कोंडीतून काढलेला मार्ग आपण वृत्तपत्रांत वाचलाच असेल. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या योजनेप्रमाणे सहा हजार कोटी रुपये तीन वर्षांसाठी तीस प्रकाशकांना देऊन त्यांची सुमारे तेरा हजार नियतकालिके देशातील सहा हजार तीनशेंहून अधिक सरकारी संस्थांना खुली करण्यात आली. जिल्ह्याच्या महाविद्यालयातील मुलीला आज जे वाचता येते ते माझ्या पिढीच्या स्वप्नातही नव्हते, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. मात्र त्या नियतकालिकांपैकी कितीतरींची पृष्ठजुळणी चेन्नई आणि पुदुच्चेरी येथे आपलीच माणसे करतात. हिरव्या शाईचे काम इकडे आले, शिक्का तिकडेच राहिला.

वास्तविक हे काम आपण केले नाही असे नाही. १९०७ साली रामस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने जे गणितमंडळ स्थापन झाले, त्याचा मूळ उद्देशच असा होता की, एकट्यादुकट्याला न परवडणारी परदेशी नियतकालिके वर्गणी काढून घ्यावीत आणि सभासदांत टपालाने फिरवावीत. त्याचे ग्रंथालय पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात होते आणि ग्रंथपाल होते खुद्द रँग्लर परांजपे. या मंडळाच्या पत्रिकेने १९११ साली मद्रासच्या एका अपरिचित तरुणाचा बर्नुली संख्यांवरील निबंध छापला. लेखन इतके त्रोटक आणि चमत्कारिक की, संपादक नारायण अय्यंगार यांना ते वाचनीय करवून घेण्यासाठी त्याच्याशी पुनःपुन्हा पत्रव्यवहार करावा लागला. तो तरुण म्हणजे रामानुजन. केंब्रिजच्या हार्डी या गणितज्ञाच्या हाती ते रत्न पडण्यापूर्वी त्याच्यावरची पहिली माती कोणी पुसली, हे अय्यंगारांचे नाव आज किती गणितज्ञांना ठाऊक असेल? त्यांना त्या कामाचा काय पगार मिळत असेल, याचीही कल्पना करता येते. माझी मागणी फार मोठी नाही. संपादकाला, प्रूफे पाहणाऱ्याला, जुने अंक सांभाळणाऱ्याला दप्तरदाराचे वेतन सरकारी अनुदानातून राजरोस द्यावे. जकातनाका कोणालाच देऊ नये. सहा हजार कोटींचा शतांश म्हणजे साठ कोटी. तेवढ्यात देशी विद्वत्सभांची किती नियतकालिके लेखकाकडून वा वाचकाकडून दमडीही न घेता व्यवस्थित चालतील, याचा हिशेब एखाद्या विद्यापीठाने मांडून पाहावा.

आणि एक गोष्ट याच सभागृहात बसलेल्या प्राचार्यांसाठी आणि ग्रंथपालांसाठी. वर्गणीने पडद्यावर मिळते ते भाड्याचे घर आहे. करार संपल्यावर मागील अंकांवरचा हक्क कोणाकडे राहतो, ते कलम सही करण्यापूर्वी शब्दशः वाचून घ्यावे. गेल्या वर्षी एका ग्रंथालयात मी गेलो असता जिन्याखाली सुतळीने बांधलेले गठ्ठे दिसले. कापडी बांधणीचे, पाठीवर सोनेरी अक्षरांत वर्षे छापलेले, १९२० ते १९७० चे खंड. आता सर्व संगणकावर आहे म्हणून रद्दीत काढलेले, आणि रद्दीवाला संध्याकाळी यावयाचा होता. मी वरचा एक खंड सोडवून पाहिला. आत कोणा जुन्या वाचकाने पेन्सिलीने एका समीकरणातील चिन्ह दुरुस्त करून शेजारी तारीख घातली होती. ती दुरुस्ती संगणकावरच्या प्रतीत नाही. तेथील प्रमुखांनी माझ्या विनंतीस मान देऊन रद्दीवाल्यास परत पाठविले. पण जिन्याखाली ओल येते, आणि पावसाळ्यापूर्वी त्या गठ्ठ्यांना एक खोली हवी आहे.